गेमचे एफपीएस आणि मॉनिटरचे हर्ट्झ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा मॉनिटर जोडला, गेम सुरू केला, कोपऱ्यात एफपीएसचा आकडा लावला आणि तिथून शंका सुरू झाल्या, असं बहुतेकांचं होतं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. इथे मिलिसेकंद हा शब्द फार वेळा येईल, त्याला इलाज नाही. एफपीएसच्या हिशेबात कोड्यात टाकणाऱ्या बऱ्याच गोष्टी वेळेच्या हिशेबात चटकन उलगडतात.

एफपीएस आणि हर्ट्झ वेगळे कसे? दोन्ही "सेकंदाला इतके" असंच तर सांगतात.

एक काढणाऱ्याचा वेग आहे, दुसरा दाखवणाऱ्याचा. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम्स, तयार करतं ते एफपीएस (फ्रेम्स पर सेकंड). मॉनिटर सेकंदाला किती वेळा स्क्रीन नव्याने रंगवतो तो रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झ.

कार्डाचा वेग सतत बदलतो. गेममध्ये भिंतीला नाक लावून उभे राहा, २०० एफपीएस दिसतील. मागे वळून धूर, झाडं आणि वीस शत्रू असलेल्या मैदानाकडे बघा, आकडा ७० वर येईल. मॉनिटर मात्र ठरलेला ठेका सोडत नाही. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी स्क्रीन वरून खाली, ओळीमागून ओळ रंगवतो. नवं चित्र आलं नसेल तर जुनंच पुन्हा रंगवतो.

म्हणजे घड्याळं दोन आहेत आणि दोन्ही आपापल्या तालात चालतात. स्क्रीन फाटल्यासारखी दिसणं, गेम अडखळणं, माउस जड वाटणं, यातलं बरंचसं या दोन घड्याळांच्या बेबनावातून येतं.

मिलिसेकंदांचा हिशेब कसा करायचा?

१००० ला एफपीएसने किंवा हर्ट्झने भागा, झालं. ३० ला ३३.३ मिलिसेकंद, ६० ला १६.७, १२० ला ८.३, १४४ ला ६.९, २४० ला ४.२, ३६० ला २.८.

आता या आकड्यांमधली अंतरं बघा. ३० वरून ६० वर गेलात की प्रत्येक फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद वाचतात. ६० वरून १४४ वर गेलात की पावणेदहा. १४४ वरून २४० वर जाताना जेमतेम २.८ आणि २४० वरून ३६० वर जाताना १.४. खोक्यावर १२० हर्ट्झची भली मोठी उडी छापलेली असते, प्रत्यक्षात हाती दीड मिलिसेकंदही येत नाही. खरेदीआधी ही वजाबाकी एकदा कागदावर करून बघावी.

माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे आणि गेम १५० एफपीएसवर चालतो. जादाच्या ९० फ्रेम्स वायाच जातात ना?

पूर्ण चित्रं मोजायची तर सेकंदाला साठच दिसणार, त्यात वाद नाही. पण "वाया" म्हणताना थोडं थांबा.

प्रत्येक फ्रेम म्हणजे तुमचा माउस आणि बटणं एका क्षणी कुठे होती याचा फोटो. गेम बरोबर ६० एफपीएसवर असेल तर मॉनिटर रंगवायला घेतो तेव्हा हाताशी असलेलं चित्र १६ मिलिसेकंद शिळं असू शकतं. १५० एफपीएसवर ते फार तर ६.७ मिलिसेकंद शिळं असेल. शिवाय फ्रेम काढायलाच कमी वेळ लागतो. म्हणून व्ही-सिंक (फ्रेमला मॉनिटरच्या ठेक्यासाठी थांबवणारी सेटिंग, तिच्याबद्दल पुढे येईलच) बंद ठेवून, ६० हर्ट्झच्या साध्या मॉनिटरवरही १५० एफपीएसने माउस हलका लागतो. हा भास नाही.

याची किंमत म्हणजे कार्ड तापतं, पंखा ओरडतो, स्क्रीन फाटलेली दिसते. नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेममध्ये मी ती किंमत मोजेन. निवांत फिरत गोष्ट उलगडायच्या गेममध्ये मुळीच नाही, तिथे मर्यादा लावून मोकळं व्हावं. काही गेम्सच्या मेनूत तर काही हलत नसतानाही शेकड्याने फ्रेम्स निघत असतात आणि पंखा विमानासारखा घोंघावतो. तेवढ्यासाठी तरी मर्यादा हवीच.

स्क्रीन मधूनच फाटल्यासारखी दिसते. मॉनिटर बिघडलाय का?

नाही. याला टेअरिंग म्हणतात आणि त्यात मॉनिटरचा काही दोष नाही.

समजा ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम ९० एफपीएसने चाललाय. तुम्ही झपकन उजवीकडे वळलात आणि समोरून एक दिव्याचा खांब सरकतोय. मॉनिटरने वरच्या ओळी रंगवायला घेतल्या, अर्ध्यापर्यंत आला आणि तेवढ्यात कार्डाने नवी फ्रेम पुढे केली. मॉनिटर थांबत नाही. उरलेल्या ओळी तो नव्या फ्रेममधून घेतो. खांब सेकंदाला १९२० पिक्सेल वेगाने सरकत असेल तर दोन फ्रेम्समध्ये तो सुमारे २१ पिक्सेल हललेला असतो. परिणामी वरचा अर्धा खांब एकीकडे, खालचा अर्धा २१ पिक्सेल बाजूला, जणू कुणी करवतीने कापून जरा ढकलून ठेवलाय.

उभ्या रेषा आणि आडवी हालचाल असेल तिथे हे जास्त डोळ्यात भरतं. कुंपणं, दारांच्या चौकटी, खांब. आकाशाकडे बघत असाल तर पत्ताही लागणार नाही. एफपीएस हर्ट्झपेक्षा कमी असले तरी टेअरिंग होतं. फ्रेम भलत्या वेळी बदलली की पुरे. एफपीएस खूप जास्त असतील तर काप वाढतात, पण प्रत्येक कापातलं अंतर कमी होतं. ३०० एफपीएसवर तोच खांब दर कापाला साडेसहा पिक्सेलच सरकलेला असेल.

मग व्ही-सिंक चालू करून टाकू?

टेअरिंग जाईल. पण व्ही-सिंक म्हणजे कार्डाला दिलेली ताकीद: मॉनिटरची एक फेरी संपून दुसरी सुरू होण्याआधी जी छोटी फट असते, तेव्हाच नवी फ्रेम द्यायची, मध्येच नाही. ही फट काचेच्या जुन्या ट्यूबवाल्या स्क्रीनपासून चालत आलेली आहे. तिथे खाली पोहोचलेला इलेक्ट्रॉनचा झोत पुन्हा वर न्यायला वेळ लागायचा.

अडचण येते ती फ्रेमला उशीर झाला की. ६० हर्ट्झवर फ्रेम १६.७ ऐवजी १८ मिलिसेकंदांत तयार झाली, तर सव्वा मिलिसेकंदाने तिची गाडी सुटली. पुढची गाडी आणखी १६.७ मिलिसेकंदांनी. तोवर जुनंच चित्र स्क्रीनवर. दोनच बफर, म्हणजे फ्रेम ठेवायच्या जागा, असतील तर कार्डही हात बांधून बसतं, कारण नवं काढायला जागा नसते. त्यामुळे ५५ एफपीएस काढायची ताकद असलेलं कार्ड थेट ३० वर येतं. तिथूनही घसरलं तर २०, मग १५. मधला आकडाच नाही.

तिसरा बफर दिला की कार्ड मोकळं होतं आणि ५० एफपीएस खरोखर ५० राहतात. पण ५० फ्रेम्स ६० खणांत बसवायच्या म्हणजे दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते. चार फ्रेम्स १६.७ मिलिसेकंद, पाचवी ३३.३, पुन्हा चार, पुन्हा एक. सेकंदाला दहा वेळा हलकासा धक्का. कॅमेरा सावकाश फिरवून बघा, दृश्य लंगडत चालल्यासारखं वाटेल.

शिवाय तयार फ्रेम्स रांगेत थांबतात, तो उशीर वेगळाच. ६० हर्ट्झवर दोन-तीन फ्रेम्स रांगेत अडकल्या तर ३३ ते ५० मिलिसेकंद गेले. माउस पाण्यातून ओढल्यासारखा लागतो तो यामुळे.

एफपीएस कायम हर्ट्झच्या वर राहतील एवढं कार्ड दमदार असेल तर व्ही-सिंक वाईट नाही. काठावर असेल तर नको.

जी-सिंक, फ्रीसिंक, व्हीआरआर, अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक... यातलं मला काय हवंय?

सगळ्यांच्या मुळाशी कल्पना एकच, व्हीआरआर म्हणजे व्हेरिएबल (बदलता) रिफ्रेश रेट: कार्डाने मॉनिटरची वाट बघण्याऐवजी मॉनिटरने कार्डाची वाट बघायची. फ्रेम तयार झाली की मॉनिटर रंगवायला घेतो. १८ मिलिसेकंद लागले तर १८ ने, १३ लागले तर १३ ने. गाडी सुटण्याचा प्रश्नच मिटतो, कारण गाडी प्रवासी आल्यावरच निघते.

ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं, त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचा खास मोड्यूल लागायचा आणि तो महाग पडायचा. २०१४ मध्ये व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डिस्प्लेपोर्टमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक आणलं. कार्डांतली दुसरी कंपनी एएमडी, तिचं फ्रीसिंक त्यावरच बेतलेलं आहे. बरीच वर्षं कार्ड एका कंपनीचं आणि मॉनिटर दुसऱ्या गोटातला अशी पंचाईत व्हायची. २०१९ च्या जानेवारीत एनव्हिडियानेही अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकच्या मॉनिटरांना दार उघडलं आणि भांडण बरंचसं मिटलं. टीव्ही आणि कन्सोलच्या बाजूने एचडीएमआय २.१ मध्ये व्हीआरआर आलं.

आज साधा फ्रीसिंक मॉनिटर दोन्हीकडच्या अलीकडच्या कार्डांवर सहसा चालतो. माझं मत विचाराल तर हर्ट्झचा आकडा थोडा कमी चालेल, पण व्हीआरआर नसलेला मॉनिटर गेमसाठी आता घेऊ नये.

व्हीआरआर चालू केलं, तरी वरच्या टोकाला टेअरिंग होतंच. असं का?

कारण व्हीआरआरची हद्द असते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६.९ मिलिसेकंदांपेक्षा लवकर रंगवूच शकत नाही. गेम १६० एफपीएसला पोहोचला की मॉनिटरचा नाइलाज होतो आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या: व्ही-सिंक बंद असेल तर टेअरिंग, चालू असेल तर उशीर.

उपाय सोपा आहे. एफपीएसची मर्यादा हर्ट्झच्या थोडी खाली लावा. १४४ ला १३८ ते १४१, १२० ला ११६. अगदी १४४ ला १४४ लावू नका. मर्यादा लावली तरी एखादी फ्रेम जरा लवकर येतेच आणि हद्द ओलांडते. व्हीआरआर चालू, ड्रायव्हरमधून व्ही-सिंकही चालू आणि वर ही मर्यादा, असं तिन्ही एकत्र ठेवलं की चित्र फाटत नाही आणि व्ही-सिंकचा उशीरही लागत नाही, कारण मर्यादेमुळे व्ही-सिंकवर सहसा वेळच येत नाही. ते फक्त चुकार फ्रेमसाठी राखणीला बसलेलं असतं. एनव्हिडियाचं रिफ्लेक्स (उशीर कमी करणारी सोय) चालू असेल तर १४४ हर्ट्झवर गेम आपोआप १३८ ला थांबलेला दिसेल. घाबरू नका, कार्ड कमजोर पडलेलं नाही.

आणि खालच्या टोकाला?

तिथेही हद्द असते, बऱ्याच मॉनिटरांत ४८ हर्ट्झ. एफपीएस ४० वर आले तर मॉनिटर तीच फ्रेम दोनदा दाखवून ८० हर्ट्झवर चालतो. त्यासाठी वरची हद्द खालच्या हद्दीच्या किमान दुप्पट तरी हवी. ४८ ते ७५ अशी तुटपुंजी कक्षा असलेल्या मॉनिटरवर ही युक्ती जमत नाही: ४० ची दुप्पट ८० आणि मॉनिटर ७५ लाच थांबतो. खोक्यावर फ्रीसिंक लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका, कक्षा किती ते बघा.

अंधाऱ्या दृश्यात एफपीएस वरखाली होत असताना स्क्रीन लुकलुकत असेल, विशेषतः ओलेड किंवा व्हीए या प्रकारच्या पॅनेलवर, तर तो व्हीआरआरचाच दुष्परिणाम आहे. एफपीएस स्थिर ठेवले की लुकलुक कमी होते.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण मला तर काही फरकच दिसत नाही.

आधी तो खरंच १४४ वर चालतोय का ते बघा. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं की रिफ्रेश रेटचा पर्याय मिळतो. तिथे ६० दिसले तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

हसू नका, मी स्वतः जवळजवळ चार महिने तसाच खेळलो. जुन्या मॉनिटरची केबल काढून नव्याला लावली होती, चित्र आलं, मी खूश. वर मित्रांना "काय स्मूथ चालतंय" म्हणून सांगतही होतो. एक दिवस सहज सेटिंग्ज उघडल्या आणि ६० बघून गप्प बसलो. ज्यांना सांगितलं होतं त्यांना काही कळवलं नाही.

तपासायची आणखी एक रीत. डेस्कटॉपवर माउसचा बाण झर्रकन डावीकडून उजवीकडे न्या आणि त्याच्या मागे उमटणाऱ्या बाणांच्या खुणा बघा. १९२० पिक्सेल रुंदीची स्क्रीन अर्ध्या सेकंदात ओलांडली तर ६० हर्ट्झवर बाण ३० जागी उमटतो, ६४ पिक्सेलच्या अंतराने. १४४ वर ७२ जागी, जेमतेम २७ पिक्सेलच्या अंतराने. विरळ आणि दाट यातला फरक नजरेला लगेच कळतो. गेमही लागत नाही, एफपीएसचा आकडाही नाही.

याशिवाय दोन नेहमीचे घोळ. केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असणं आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जास्त हर्ट्झ बंद असणं.

कुठली केबल लागते?

डेस्कटॉपवर डोळे मिटून डिस्प्लेपोर्ट. एचडीएमआयमध्ये आवृत्ती बघावी लागते आणि फक्त केबलची नाही, दोन्हीकडच्या पोर्टचीही. १.४ वर १०८०पी ला १२० हर्ट्झ निघतात, पण ४के ला फक्त ३०. २.० वर १०८०पी ला २४०, १४४०पी ला १४४, ४के ला ६०. ४के ला १२० हवे असतील तर २.१ लागतं. डिस्प्लेपोर्ट १.४ वर ४के ला १२० निघतात, त्यापुढे जायला कॉम्प्रेशन वापरावं लागतं, जे कार्ड आणि मॉनिटर आपसात जमवून घेतात.

मला ६०-७० एफपीएसच मिळतात. १४४ हर्ट्झचा काही उपयोग?

आहे, पण नावावरून वाटतो तेवढा नाही. फ्रेम चुकली तर पुढच्या फेरीसाठी १६.७ ऐवजी फार तर ६.९ मिलिसेकंद थांबावं लागतं. प्रत्येक फ्रेम वरून खाली रंगवायलाही कमी वेळ लागतो. व्हीआरआर असेल तर ६३ काय आणि ६८ काय, सगळं सुरळीत दिसतं. मात्र हालचालीतली स्पष्टता ६०-७० ची ती ६०-७० चीच राहणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माणसाच्या डोळ्याला २४ किंवा ३० फ्रेम्सपलीकडे दिसतच नाही म्हणतात ते?

हे एकदाचं पुरून टाकू या. डोळ्याला फ्रेम रेट नसतो. २४ हा आकडा डोळ्याच्या मर्यादेतून आलेला नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, आवाजासाठी फिल्मचा वेग कायम ठेवणं भाग पडलं आणि फिल्मचा खर्च व आवाजाचा दर्जा यात तडजोड म्हणून २४ ठरले. तेवढ्याने लुकलुक जात नाही, म्हणून प्रोजेक्टरचा शटर प्रत्येक चौकट दोन-तीनदा उघडझाप करून दाखवायचा.

शिवाय कॅमेऱ्यात प्रत्येक चौकटीला हालचालीचा पुसटपणा आपसूक येतो. धावणारा माणूस चौकटीतच थोडा पसरलेला असतो आणि मेंदू दोन चौकटी जोडून घेतो. गेमची फ्रेम हा गोठलेला, धारदार क्षण असतो. चित्रपटात २४ चालतात म्हणून गेममध्ये चालतील हा तर्क तिथेच पडतो. आणि चित्रपट तुम्ही नुसता बघता, गेम हाताने चालवता. हाताला लागणारा उशीर डोळ्याच्या आधी जाणवतो.

मग २४० किंवा ३६० हर्ट्झ म्हणजे नुसता देखावा नाही?

उशिराच्या हिशेबात फायदा आटत जातो, ते वर पाहिलंच. पण आणखी एक बाजू आहे आणि ती मला जास्त रंजक वाटते.

एक फलक स्क्रीनवरून सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जातोय आणि तुम्ही त्यावरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करताय. तुमची नजर फलकाबरोबर अखंड सरकते. मॉनिटर मात्र फलक एका जागी धरून ठेवतो, मग उचलून पुढच्या जागी ठेवतो. ६० हर्ट्झवर तो १६.७ मिलिसेकंद जागेवर स्थिर असतो आणि तेवढ्यात नजर १६ पिक्सेल पुढे गेलेली असते. म्हणून अक्षरं १६ पिक्सेल फरफटतात. पॅनेल कितीही चपळ असो, ही फरफट राहतेच, कारण ती तुमच्या नजरेत तयार होते. १२० वर ती ८ पिक्सेल होते, २४० वर ४. इथे हर्ट्झ वाढेल तसा खरोखर फरक पडतो, अर्थात एफपीएसही तितकेच वाढले तर. २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर ६० एफपीएस चालवले तर फरफट पुन्हा १६ पिक्सेल.

जुन्या ट्यूबवाल्या स्क्रीनवर ६० हर्ट्झलाही हालचाल लख्ख दिसायची. तिथे प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा, धरून ठेवलाच जात नसे. काही मॉनिटर बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) चमकवून तोच परिणाम साधतात, पण तेव्हा एफपीएस आणि हर्ट्झ अगदी जुळलेले लागतात, नाहीतर प्रत्येक वस्तूच्या दोन-दोन प्रती दिसतात. प्रकाशही कमी होतो.

खोक्यावर "१ मिलिसेकंद" लिहिलंय, म्हणजे लॅग (उशीर) १ मिलिसेकंद?

नाही. तो पिक्सेलला एका करड्या छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ, तोही सहसा सर्वांत अनुकूल परिस्थितीतला. हर्ट्झशी त्याचा संबंध एवढाच की पिक्सेल पुढच्या फेरीआधी बदलून झाला पाहिजे. १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंद मिळतात आणि काही व्हीए पॅनेलचे गडद रंग त्याहून जास्त वेळ घेतात, म्हणून अंधाऱ्या दृश्यात काळी शेपूट दिसते. मॉनिटरच्या मेनूतलं ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला लवकर बदलायला लावणारी सेटिंग) वाढवून शेपूट कापता येते. फार वाढवलं तर उलटी, पांढुरकी कड उमटते.

कोपऱ्यात ६० एफपीएस स्थिर दिसतात, तरी गेम अडखळतो. आकडा खोटा आहे का?

आकडा खरा असतो, पण तो सरासरी असतो आणि सरासरी बरंच झाकते. एका सेकंदात ५९ फ्रेम्स १५ मिलिसेकंदांनी आल्या आणि एक ११५ मिलिसेकंदांनी आली, तर बेरीज बरोबर १००० होते. कोपऱ्यात ६० लिहून येणार आणि तुम्हाला मात्र सणसणीत हिसका बसलेला असणार.

म्हणून एफपीएसऐवजी फ्रेम टाइमचा आलेख लावा. तो जितका सपाट तितका गेम सुरळीत. मध्येच सुळका दिसला तर तोच तुमचा हिसका: बऱ्याचदा नवा शेडर (कार्डासाठीचा, चित्र रंगवायचा छोटा प्रोग्राम) तयार होत असतो, डिस्कवरून काही भरलं जात असतं किंवा ग्राफिक्सची मेमरी भरलेली असते. चाचण्यांत "१ टक्का लो" म्हणून आकडा देतात तो सगळ्यात हळू फ्रेम्सचा. सरासरीपेक्षा मी तोच आधी बघतो. सरासरी १२० आणि लो ३५ असलेल्या गेमपेक्षा सरासरी ७५ आणि लो ६० असलेला गेम खेळायला कितीतरी बरा.

ग्राफिक्स अगदी खाली आणले, रिझोल्यूशनही कमी केलं, तरी एफपीएस १०० च्या वर जात नाहीत.

मग अडलंय ते प्रोसेसरपाशी. प्रत्येक फ्रेमसाठी आधी प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे आहे, काय आदळलं, काय काढायचं. मग कार्ड काढतं. प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागत असतील तर कार्ड कितीही रिकामं बसलं तरी १०० च येणार. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या बराच खाली दिसत असेल आणि कुठलीही मर्यादा लावलेली नसेल, तर संशय प्रोसेसरवर घ्या. अशा वेळी रिझोल्यूशन कमी करून काही मिळत नाही, उलट वाढवून चांगलं चित्र तरी पदरात पाडून घ्या. गर्दी, सावल्या आणि किती दूरवरचं दिसावं या सेटिंग्ज प्रोसेसरला जड पडतात, त्या उतरवून बघा.

फ्रेम जनरेशन चालू केलं की एफपीएस दुप्पट होतात. मग प्रश्नच मिटला?

दिसण्यापुरता बराचसा. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या डीएलएसएस ३ आणि २०२३ मध्ये एएमडीच्या एफएसआर ३ बरोबर हा प्रकार सर्वदूर झाला. दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये एक अंदाजाने बनवलेली फ्रेम घुसवतात. पण मधली बनवायची तर पुढची खरी फ्रेम हातात हवी, म्हणजे ती रोखून धरावी लागते आणि उशीर थोडा वाढतोच. शिवाय बनवलेल्या फ्रेममध्ये तुमच्या माउसची नवी हालचाल नसते.

खऱ्या ७० च्या १३० झाल्या तर छान वाटतं, २४० हर्ट्झच्या मॉनिटरला काम मिळतं. खऱ्या ३० च्या ६० केल्या तर दिसायला ६० आणि हाताला ३०, तेही जरा जड ३०. दुधाची तहान ताकावर.

कन्सोलवर ३०, ४०, ६० असे पर्याय येतात. ४० कशासाठी?

ही फार हुशारीची सोय आहे. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर ४० एफपीएस बसत नाहीत, एक फ्रेम एकदा आणि दुसरी दोनदा अशी लंगडी चाल होते. १२० हर्ट्झवर मात्र प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दाखवली की ४० होतात. आणि ४० म्हणजे २५ मिलिसेकंद, जे ३३.३ आणि १६.७ यांच्या अगदी मधोमध येतं. आकड्यात ३० च्या जवळचा वाटतो, वेळेत अर्धी वाट पार केलेली असते. टीव्ही १२० हर्ट्झचा असेल तर हा पर्याय जरूर लावून बघा, आणि टीव्हीचा गेम मोडही, नाहीतर चित्र "सुधारण्याच्या" नादात टीव्हीच भरपूर उशीर करतो.

एफपीएस वाढवले की गेमच वेगाने पळतो असं होऊ शकतं?

आता क्वचित. गेम मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजून तेवढंच पुढे सरकतो. पूर्वी बऱ्याच गेम्समध्ये "दर फ्रेमला इतकं सरक" असाच हिशेब असायचा. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले जोरात पळतात, कारण कमी शत्रू काढायचे असले की यंत्राचं काम लवकर उरकायचं. हार्डवेअरचा अडथळाच खेळाची रंगत झाला. आजही काही गेम्सचं भौतिकशास्त्र ६० वर बांधलेलं असतं आणि मर्यादा काढली की वस्तू थरथरायला किंवा उडायला लागतात. असा गेम ६० वरच ठेवावा.

सेटिंग्जमध्ये ५९.९४ हर्ट्झ दिसतात. काही बिघडलंय?

काही नाही. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलशी भिडू नये म्हणून ६० ला १.००१ ने भागलं गेलं. तो अपूर्णांक अजून मुक्कामाला आहे. ६० चा पर्याय दिसत असेल तर तो निवडा, नसेल तर सोडून द्या.

लॅपटॉप चार्जरवरून काढला की १४४ चे ६० होतात, का?

बॅटरी वाचवायला. स्क्रीन जास्त वेळा रंगवायला वीज जास्त लागते, म्हणून काही लॅपटॉप बॅटरीवर आपणहून ६० वर येतात. कार्डाची ताकदही बॅटरीवर आखडती घेतलेली असते, त्यामुळे तेव्हा १४४ एफपीएस येणारही नसतात. खेळायचं तर चार्जर लावून, आणि तोही लॅपटॉपबरोबर आलेला. कमी वॉटचा लावला तर चार्जिंगची खूण दिसते, पण कार्ड अर्ध्या पोटीच राहतं.